तेहेतिसावरची टेकडी

"हात लावू नका," असं तो म्हणेपर्यंत तिनं हात लावलाही होता.

मग जे व्हायचं ते झालं. तिनं बोट झटकलं, दुसऱ्या हातातली फडक्यात गुंडाळलेली बाटली निसटली आणि आधीच तडा गेलेल्या त्या बाटलीचे फरशीवर चांगले पाच-सहा तुकडे झाले. तळघरातल्या त्या काचकामाच्या खोलीत क्षणभर फक्त ज्योतीची सुरसुर ऐकू येत राहिली.

त्यानं ज्योत बारीक केली, गडद चष्मा कपाळावर चढवला आणि तिचं मनगट धरून बोट नळाखाली नेलं. पाणी गार होतं. मनगटावरचा हात मात्र… सदतीसच्या वर असेल, तिच्या मनात आलं. शास्त्र शिकलेल्या मुलीला अशा वेळीही आकडेच सुचतात.

"अगदी साधी दिसत होती हो ती नळी," ती म्हणाली. "लाल नाही, काही नाही."

"गरम काच आणि गार काच सारखीच दिसते. आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे तो."

"मग ओळखायची कशी?"

"हाताची पाठ जवळ न्यायची. लावायची नाही, नुसती जवळ. ऊब आली की समजायचं." त्यानं नळ बंद केला. "एकदम तळहात पुढे केला की असं होतं."

"आणि पाठ भाजली तर?"

"पाठीला काय काम असतं? तळहात उद्या लागतो." मग तुकड्यांकडे बघत म्हणाला, "तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या काटेकोर ना?"

"काय?"

"नाही म्हणजे… भांडारात तुम्हाला तसं म्हणतात."

तिला हे ठाऊक नव्हतं. राग यावा की हसावं, हे तिला पटकन ठरवता येईना. "आणि तुम्हाला काय म्हणतात?"

"काचवाला. माझ्यासाठी कुणी डोकं चालवायचे कष्टच घेतले नाहीत."

ती हसली. बोट चुरचुरत असताना हसणं तसं सोपं नसतं.

त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि तिला कसली बाटली हवी ते विचारलं. ती सांगू लागली. चिमणीतून, गाडीतून, आपल्या श्वासातूनही जो वायू बाहेर पडतो, तो कार्बन डायऑक्साइड घ्यायचा. त्यात थोडी पाण्याची वाफ. वरून उजेड. आणि एवढ्या तीन गोष्टींतून इंधन तयार करायचं.

"झाडं करतात तसं?"

"झाडं साखर करतात. मला जळणारं काहीतरी हवंय."

"आणि झाडाच्या जागी काय?"

तिनं पांढऱ्या कोटाच्या खिशातून बोटभर कुपी काढली. आत फिकट पिवळी भुकटी होती. "याचा एक कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा आहे. अर्धवाहक आहे हा. उजेड पडला की आतले विजेचे कण सुटे होतात, पृष्ठभागावर येतात आणि तिथं आलेल्या वायूला धरतात. धरलं की तो बदलतो."

"मग एवढा बारीक कशाला? मोठा कण जास्त पकडेल."

"मोठ्या कणाच्या पोटात जे सुटतं, ते बाहेर पोचेपर्यंत थकून परत जागेवर बसतं. बारीक कणात वाटच लहान."

"हे पटलं," तो म्हणाला. "मलाही वरच्या मजल्यावर यायचं म्हटलं की अर्ध्या जिन्यातून परत फिरावंसं वाटतं." आणि टेबलावर खडूनं रेषा ओढायला लागला. लांबट पोट. खालून वायू यायची नळी. मधोमध सच्छिद्र काचेची चकती, त्या चकतीवर भुकटी. वरचं तोंड सपाट, म्हणजे दिव्याचा उजेड सरळ आत. तिनं दोन वाक्यं सांगावीत आणि त्यानं तिसरं काढावं, असं चाललं होतं.

"एकच अडचण आहे," तो म्हणाला. "भुकटी चकतीच्या छिद्रांत अडकणार. दर प्रयोगानंतर बाटली कापून, आम्लात धुऊन, पुन्हा जोडावी लागेल."

"म्हणजे दर वेळी तुमच्याकडे यायचं?"

"दर वेळी," तो जरा जास्तच लवकर म्हणाला.

तिनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. दारापाशी जाऊन ती वळली. "आणि एक विनंती. आत बोटाचा ठसासुद्धा नको. बोटावरचं तेल म्हणजेही कार्बनच. एका ठशानं माझा महिना फुकट जाईल."

खडू थांबला. त्यानं तिच्या भाजलेल्या बोटाकडे पाहिलं. "लक्षात ठेवीन."

त्यानं ते लक्षात ठेवलं. जरुरीपेक्षा जास्त ठेवलं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

मग दर सोमवारी बाटली खाली जाऊ लागली आणि दर मंगळवारी वर येऊ लागली, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून. ती उजेडासमोर धरून बघायची. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. इतरांच्या बाटल्या काचवाला दारातूनच हातात ठेवायचा. हिची मात्र दोन हातांनी द्यायचा, जणू आत कुणी झोपलं आहे.

"बसा की दोन मिनिटं. काच निवतेय."

"ही तर मघाशीच निवली म्हणालात."

"ही निवली. ती दुसरी निवतेय."

"दुसरी कुणाची?"

"कुणाची नाही. उगाच तापवली होती."

घरी आत्याच्या नजरेतून काही सुटत नसे. ती आत्याकडेच राहत होती. आत्या घरी शिवणकाम करायची आणि शिवताना बोलायची, तोंडात टाचण्या धरूनसुद्धा.

"दर सोमवारी कशी गं फुटते तुझी बाटली?"

"फुटत नाही आत्या. धुवायला नेते."

"असं होय. माझंही मशीन लग्नाआधी दर आठवड्याला बंद पडायचं. तुझे काका दुरुस्त करायला यायचे." आत्यानं धागा तोडला. "सुई मीच वाकडी करून ठेवायचे."

"आत्या, हे संशोधन आहे."

"मी कुठं काय म्हटलं? तेही संशोधनच होतं."

तिसऱ्या आठवड्यात टेकडी उगवली.

बाटलीतून बाहेर आलेला वायू एका यंत्रात जायचा. त्यात काय काय आहे, ते यंत्र पडद्यावर रेघ काढून दाखवायचं. काही नसेल तर रेघ सपाट, काही असेल तर तिथं टेकडी. जवळजवळ दोन वर्षं ती रेघ सपाटच होती, आणि त्या दिवशी मिथेनॉलच्या जागेवर एक ठसठशीत टेकडी उभी राहिली. मिथेनॉल म्हणजे जळणारं, गाडीत घालता येईल असं द्रव. तिनं दिवा बंद करून पाहिलं, टेकडी गेली. दिवा लावला, टेकडी आली. कार्बन डायऑक्साइडच्या जागी नुसता नायट्रोजन सोडून कोरी तपासणीही केली. तोवर नवी बाटली धुवायला काचवाल्याकडे गेली होती, म्हणून ती तपासणी तिनं जुन्या, बिनचकतीच्या बाटलीत उरकली. तिथंही रेघ सपाट. सगळं जागच्या जागी.

तिचे सर सहसा मान हलवायचे, बोलायचे नाहीत. त्या दिवशी ते चक्क खुर्चीतून उठले. "पुढच्या शुक्रवारी संस्थेच्या मंडळाची बैठक आहे. हे दाखवायचं. तुझ्या संशोधनाची मुदत महिनाअखेर संपतेय ना? दोन वर्षं वाढलीच म्हणून समज."

"सर, जड कार्बनची तपासणी राहिलीय."

"कर की. पण मंडळाला मी आज कळवतो."

जड कार्बन म्हणजे काही वेगळा पदार्थ नव्हे. नेहमीचाच कार्बन, पण त्याचा प्रत्येक अणू एका मापानं जड. त्यापासून बनवलेल्या वायूची टाकी तिनं कधीची मागवली होती. हिशेब सरळ होता. साध्या मिथेनॉलचं वजन बत्तीस. तिच्या बाटलीतलं मिथेनॉल जर खरोखर त्या वायूपासून झालेलं असेल, तर ते तेहेतीस भरलं पाहिजे.

टाकी बैठकीच्या आठवड्यात, सोमवारी आली. मंगळवारी सकाळी काचवाल्यानं बाटली दिली, आणि तिनं जड वायू सोडून दिवा लावला. दुपारी टेकडी आली, नेहमीइतकीच उंच आणि देखणी.

बत्तीसवर.

तिनं त्याच बाटलीत, त्याच भुकटीवर नायट्रोजन सोडला. त्यात कार्बनचा अणूही नव्हता, तरी बत्तीसवर टेकडी होतीच, फक्त थोडी उतरलेली. म्हणजे मिथेनॉल भुकटी बनवत नव्हती, ते बाटलीतच बसलेलं होतं. पण बाटलीत ते आलं कुठून?

एकोणीस पायऱ्या उतरून ती तळघरात गेली.

"आज मंगळवार," काचवाला खुशीत म्हणाला. "सकाळीच नेलीत ना?"

"मला एक सांगा. बाटली माझ्या हातात देण्याआधी काय काय करता? एकेक पायरी."

"कापतो. आम्लात ठेवतो. पाण्यानं धुतो. जोडतो. रात्रभर भट्टीत, साडेपाचशेला. सकाळी गार करतो."

"भट्टीत तर सगळंच जळून जातं. मग?"

"मग… झालं."

"मग?" तिनं पुन्हा विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "मग तुमच्या बाटलीला एक शेवटचा हात देतो. बाकीच्यांच्या नुसत्या फडक्यानं पुसतो. तुमचीच तेवढी आतून खळबळून काढतो. भट्टीतून काढताना चुकून बोट लागलं असलं तर ठसा राहायला नको म्हणून."

"कशानं?"

तो उठला. कपाटातून एक तपकिरी बाटली दोन हातांनी घेऊन आला. "सगळ्यात शुद्ध आहे. भांडारातल्या बाईंना तीन वेळा विनवलं, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात दिली."

चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं… मिथेनॉल.

ती स्टुलावर बसली. आधी तिला हसू आलं. ते आवरेना. मग त्या हसण्यातच डोळे भरून आले आणि तेही आवरेनात.

"काय झालं? अहो, काय झालं?"

"तेच," ती म्हणाली. "माझं इंधन म्हणजे… हेच."

"तुम्ही इंधन म्हणाला होतात. हे तर आम्ही धुवायला वापरतो."

"नाव मीच नाही सांगितलं तुम्हाला." तिनं डोळे पुसले. "ते चकतीच्या छिद्रांत खोल जाऊन बसायचं. अंधारात, थंडाव्यात गप्प. दिवा लागला की चकती तापायची आणि ते बाहेर यायचं. मला वाटायचं, उजेडानं झालं."

हातातली बाटली कुठं ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं.

"म्हणजे तुमच्या त्या टेकडीत…"

"तुम्ही होतात."

"किती?"

"सगळी टेकडी तुमची."

इतक्या वाईट बातमीत इतकं गोड काही कुणी ऐकलं नसेल. तो हसला नाही. "सरांना माझं नाव सांगा. काचवाल्यानं घाण केली म्हणा. खरंच आहे."

"नाही. कोरी तपासणी याच बाटलीत करायची होती. मी जुनीत उरकली. काटेकोर म्हणे." ती उठली. "तुम्ही मी सांगितलं तेच केलंत. जरा जास्तच चांगलं केलंत, एवढंच."

वर जाताना एकोणीस पायऱ्यांत तिच्या मनात एक विचार येऊन गेला, हे कबूल करायला हवं. जड कार्बनची टाकी फक्त तिच्याकडे होती. शुक्रवार होऊन गेला असता, मुदत वाढली असती, कुणाला काही कळलं नसतं. तिला मात्र कळलेलं होतं. आणि आपल्याला कळलेलं आपल्यापासून लपवायची युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती.

सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंडळाला कळवून झालंय."

"माहीत आहे सर."

"मग आता उरलं काय?"

"बघावं लागेल. बाटली नुसती भाजून घ्यायची, मग कशालाही लावायची नाही. कदाचित काहीच उरणार नाही."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तीन दिवस आहेत," ते म्हणाले. "दिव्याखाली नको. दिव्याच्या उष्णतेनंच फसवलं. गच्चीवर ने, उन्हात कर."

काचवाला आधी बाटलीला हात लावायलाच तयार होईना. "दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझ्या हाताला…"

"तुम्हीच करायचंय. दोन बाटल्या. भट्टीतून काढल्यावर फक्त चिमट्यानं धरायच्या. ना पाणी, ना फडकं, ना… जास्तीचं काही."

"जास्तीचं काही नको," तो म्हणाला. "हे जमतंय का बघतो."

बुधवारी लख्ख ऊन होतं. पहिल्या बाटलीत तिनं नायट्रोजन सोडला आणि बाटली दुपारभर उन्हात ठेवली. रेघ सपाट आली, पट्टीनं आखल्यासारखी. बत्तीसवर काही नाही, तेहेतीसवर काही नाही. एक गोष्ट नक्की झाली, बाटली आता खोटं बोलत नव्हती.

गुरुवारी जड वायूची पाळी, आणि गुरुवारी नेमकं आभाळ भरून आलं. वायूची टाकी जड असते असं सांगून काचवालाही गच्चीवर आला होता. टाकी चाकांवर होती, पण ती काही बोलली नाही. अकरा वाजले. बारा वाजले. भुरभुर सुरू झाली. त्यानं मोठी काळी छत्री उघडली आणि ती बाटलीवर धरून उभा राहिला.

"तुम्ही भिजताय," ती म्हणाली.

"मला थोडंच कुणी यंत्रात घालणार आहे."

"छत्री दोघांना पुरेल इतकी आहे."

"बाटली धरून तिघं होतात."

ती जवळ सरकली. छत्रीवरून पाणी टपटपत होतं. त्याच्या बाहीला जळक्या काचेचा कोरडा वास होता, आणि तिचा खांदा त्या बाहीला लागतोय की नाही अशा बेतानं थांबला होता.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "ते ठशाचं… खरं म्हणजे मी काच कधीच उघड्या बोटानं धरत नाही. पंधरा वर्षं झाली. ठसा पडणं शक्यच नव्हतं."

"मग खळबळत कशाला होतात?"

"तेच सांगतोय. बाटली तयार झाली की ती द्यावी लागायची. दिली की तुम्ही जाणार. म्हणून मग आणखी एकदा…"

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. त्याचा चेहरा पडला.

"ऊन," ती म्हणाली. "ऊन आलं. छत्री मिटा, लवकर."

खरंच, ढग फाटून गच्चीभर ऊन सांडलं होतं. बाटलीतली पिवळी भुकटी एकदम उजळली. तिनं झडप उघडली, वेळ लिहिली आणि मग चार तास दोघंही त्या बाटलीसमोर पाटावर बसवल्यासारखी बसून राहिली. त्यानं पुढचं वाक्य पुन्हा सुरू केलं नाही. तिनंही विचारलं नाही. पण वहीत वेळ लिहिताना तिनं दोनदा चुकीचा आकडा लिहिला, आणि असं याआधी कधी झालं नव्हतं.

पाच वाजता रेघ पडद्यावर सरकू लागली. बत्तीस आलं आणि गेलं, सपाट. मग रेघ किंचित थरथरली आणि वर उचलली गेली. एवढीशी. आधीच्या टेकडीच्या साठाव्या हिश्श्याएवढी. मुंग्यांच्या वारुळाला कुणी टेकडी म्हणत असेल, तर ही टेकडी.

तेहेतीसवर.

सर पडद्याजवळ वाकले. "लहान आहे," ते म्हणाले. मग मान हलवत, "पण आपली आहे."

शुक्रवारी मंडळासमोर तिनं दोन्ही टेकड्या दाखवल्या. मोठी खोटी आणि लहान खरी. काय चुकलं, कसं चुकलं, कसं सापडलं, सगळं क्रमानं सांगितलं. मंडळातल्या एक वयस्कर बाई चष्म्यावरून बघत सगळं ऐकत होत्या.

"एक शंका आहे," त्या म्हणाल्या. "संस्थेत एवढ्या बाटल्या बनतात. काचवाल्यानं नेमकी तुमचीच का खळबळली?"

खोलीत कुणीतरी खाकरलं. सरांनी कागद चाळायला घेतले.

"ते अजून तपासायचं आहे," ती म्हणाली.

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. अर्ध्या तासानं निकाल कळला. मुदतवाढ दोन वर्षांची नाही, एका वर्षाची. साठाव्या हिश्श्याच्या टेकडीला एक वर्ष म्हणजे भाव वाईट नव्हता.

ती एकोणीस पायऱ्या उतरून खाली गेली. तो ज्योतीपाशी होता, हातात नळी फिरत होती. तिची चाहूल लागली तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

"काय झालं?"

"एक वर्ष मिळालं."

त्याचे खांदे सैल झाले. नळी बाजूला ठेवून त्यानं ज्योत विझवली आणि चष्मा कपाळावर चढवला. "सुटलो. तीन दिवस घास गेला नाही."

"पण मंडळानं एक शंका काढलीय. तुम्ही फक्त माझीच बाटली का खळबळत होतात, म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तपासायचं आहे म्हणाले." ती दोन पावलं पुढे आली. "काल गच्चीवर तुमचं वाक्य अर्धं राहिलं. ऊन आलं मध्येच."

"तुम्हीच थांबा म्हणालात."

"प्रयोग होता. आता नाहीये."

तो नुसता उभा राहिला, चेहऱ्यावर काही न दाखवता, टेबलावर मांडलेल्या काचांसारखा. तिनं त्या काचांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग हात उचलला आणि हाताची पाठ त्याच्या गालाजवळ नेली. लावली नाही. नुसती जवळ.

"दिसायला तर गार दिसतोस," ती म्हणाली.

"सगळेच फसतात," तो हळूच म्हणाला. "ऊब येतेय?"

"येतेय… कधीपासूनची आहे ही?"

"नळाखाली बोट धरलं होतं ना तुझं… तेव्हापासून निवतच नाहीये."

तिनं हात वळवला. आता तळहात त्याच्या बाजूला होता.

"भाजेल हं," तो म्हणाला.

"नळ जवळच आहे," ती म्हणाली, आणि तळहात टेकवला.